वैश्विक किरण नेमके येतात कुठून? अतिनवताऱ्यांचं उत्तर कुठवर पुरतं?

निरभ्र

परवा रात्री खोलीतले दिवे मालवून मी एका काचेच्या पेटीकडे दीड तास टक लावून बसलो होतो. पेटीच्या झाकणाला आतून फेल्टची पट्टी, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिंब केलेली. तळाला काळा रंग दिलेला पत्रा आणि पत्र्याखाली ड्राय आइस. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडत नाही. मग पत्र्यालगत बोटभर जाडीचं धुकं धरतं. बाजूने टॉर्च मारला की त्यात बारीक थेंब भुरभुरताना दिसतात. आणि एकदम त्या धुक्यात पांढरी रेघ उमटते, दोनएक सेकंद राहते आणि विरून जाते.

रेघा तीन जातींच्या असतात हे हळूहळू लक्षात आलं. काही आखूड आणि जाड, खडूने ओढल्यासारख्या. त्या हवेतल्या रेडॉनमधून सुटलेल्या अल्फा कणांच्या. काही वेड्यावाकड्या, मध्येच वळणाऱ्या, त्या इलेक्ट्रॉनच्या. आणि काही पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने आखाव्यात तशा सरळ, केसासारख्या बारीक. त्या बहुतेक म्युऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या, वैश्विक किरणांच्या वंशातल्या. अशी एक रेघ पाहिली आणि मनात प्रश्न पक्का बसला: हिची सुरुवात कुठे झाली?

मागे मागे जात गेलं की आपण आधी वातावरणाच्या वरच्या थरात पोचतो, मग सूर्यमालेबाहेर, मग आकाशगंगेत, आणि तिथे वाट हरवते. ‘वैश्विक किरण अतिनवताऱ्यांमधून येतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं आहे. (अतिनवतारा म्हणजे सुपरनोव्हा, ताऱ्याचा शेवटचा प्रचंड स्फोट.) माझं मत असं की ते हिशेबाला खरं आहे, पुराव्याला अर्धंच उतरतं, आणि सर्वांत जोरदार कणांना लागूच पडत नाही. हे तिन्ही भाग इथे मांडायचे आहेत. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्युतदर्शकाचा एक त्रास सगळ्यांना माहीत होता. कितीही बंदिस्त ठेवला तरी त्यावरचा विद्युतभार हळूहळू गळून जायचा. जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांचा हा परिणाम असावा असं मानत. तसं असेल तर उंचीवर गळती कमी व्हायला हवी. थिओडोर वुल्फ यांनी १९१० मध्ये आयफेल टॉवरवर मोजून पाहिलं, तर ती अपेक्षेइतकी घटली नाही. दोमेनिको पाचिनी यांनी उपकरण पाण्याखाली बुडवून मोजलं, तर खाली गळती कमी भरली. मग व्हिक्टर हेस फुग्यातून वर गेले. ७ ऑगस्ट १९१२ च्या उड्डाणात ते ५,३५० मीटरपर्यंत पोचले, आणि तिथे हवेचं आयनीकरण (ज्यामुळे भार गळतो ते) जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. म्हणजे काहीतरी वरून येत होतं.

मला त्याहून आवडतं ते त्यांचं १७ एप्रिल १९१२ चं उड्डाण. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. चंद्राने सूर्य झाकला, तरी मोजणी घटली नाही. मुख्य स्रोत सूर्य नव्हे, हे तेवढ्यावरून समजलं. उगम कुठे नाही, याचं पहिलं उत्तर त्या दिवशी मिळालं. कुठे आहे, याचं शोधणं अजून चालू आहे.

---

पहाटवारा

फार सुंदर सुरुवात. एक मूलभूत शंका: पेटीत दिसलेला म्युऑन स्वतः अंतराळातून आलेला नसतो ना? मग ‘वैश्विक किरण’ म्हणायचं कशाला? आणि कण असताना ‘किरण’ का?

---

निरभ्र

पहाटवारा, बरोबर. मूळ कण म्हणजे अणुकेंद्रं. दर शंभरात साधारण ९० नुसते प्रोटॉन, ९ च्या आसपास हेलियम, आणि उरलेल्या एकात कार्बनपासून लोखंडापर्यंत सगळे. थोडे इलेक्ट्रॉनही असतात. हा मूळ कण वातावरणात शिरून हवेच्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण निघतात, आणि भारित पायॉनचे म्युऑन होतात. हे साधारण १५ किलोमीटर उंचीवर घडतं. म्युऑनचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंदांचं. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात तो ६६० मीटरच जाईल. तरी तो जमिनीपर्यंत पोचतो, कारण त्या वेगाला आपल्या घड्याळाने त्याचं आयुष्य कितीतरी पट लांबतं. आडव्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जात असतो.

‘किरण’ हे नाव पडलं तेव्हा ते गॅमा किरणांसारखं काहीतरी असावं असा समज होता. रॉबर्ट मिलिकन त्याच मताचे होते आणि ‘कॉस्मिक रेज’ हे नाव १९२५ मध्ये त्यांनीच रुळवलं. पुढे आर्थर कॉम्प्टन आणि इतरांनी वेगवेगळ्या अक्षांशांवर मोजण्या केल्या, तेव्हा विषुववृत्ताजवळ हे किरण कमी भरले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं म्हणजे ते विद्युतभारित कण असणार. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

---

शंकेखोर

विद्युतभारित आहेत इथेच खरी गोम आहे असं दिसतं. प्रकाश सरळ येतो, म्हणून तारा कुठे आहे ते कळतं. हे कण सरळ येत नाहीत. मग आलेल्या दिशेने मागे बघण्यात अर्थ उरतो का?

---

सप्तर्षी

शंकेखोर, तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. उमेदीची काही वर्षं मी कणवर्षाव मोजणाऱ्या एका मांडणीवर काम केलं आहे, त्यामुळे या ‘दिशे’शी माझं जुनं नातं आहे.

एक जोरदार कण वातावरणात फुटला की लाखो-कोटी दुय्यम कणांचा पातळ थर तबकडीसारखा खाली येतो. पिएर ओझे यांनी १९३८ मध्ये दूर दूर ठेवलेल्या गणकांमध्ये एकाच क्षणी नोंदी होताना पाहून हे ओळखलं. आम्ही प्रस्फुरक प्लास्टिकच्या पाट्या मैदानभर मांडायचो. कण पाटीतून गेला की आत निळसर ठिणगीएवढा प्रकाश होतो आणि तो प्रकाशगुणक नळी टिपते. पाटी काळ्या कागदात गुंडाळायची, त्यावर काळी चिकटपट्टी, आणि तरीही कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक राहायचं. मग त्या पाटीची मोजणी वेड्यासारखी वाढायची. अंधारात टॉर्च इंचाइंचाने फिरवत, आकडा कुठे उसळतो ते बघत भोक शोधायचं. एकेका पाटीला कधी अख्खी दुपार जायची.

दिशा काढायची ती वेळेच्या फरकावरून. तबकडी तिरकी आली तर एका कडेच्या पाट्या आधी बोलतात, दुसऱ्या कडेच्या नंतर. प्रकाशाला १ मीटर जायला ३.३ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे घड्याळं नॅनोसेकंदाला जुळलेली हवीत. एवढं सगळं नीट जमलं की दिशा अंशाभराच्या आत मिळते. आणि ती दिशा तुम्हाला उगमाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही!

कारण साधं आहे. आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळं, ३ मायक्रोगाउसच्या आसपास. पण अंतरं प्रचंड. ३० लाख जीईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन त्या क्षेत्रात साधारण साडेतीन प्रकाशवर्षं त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. आकाशगंगेच्या तबकडीची जाडी हजारेक प्रकाशवर्षं. म्हणजे इथवर येईपर्यंत त्याने असंख्य गिरक्या घेतलेल्या असतात, त्याही गुंतागुंतीच्या क्षेत्रात. आकाशाच्या सगळ्या दिशांनी हे कण जवळपास सारखेच येतात.

(जीईव्ही म्हणजे १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रोटॉनचं स्वतःचं वस्तुमान ऊर्जेत मांडलं तर साधारण १ जीईव्ही भरतं. जिनिव्हाजवळच्या एलएचसीमध्ये एकेका प्रोटॉनला ६,८०० जीईव्ही देतात. पुढचे आकडे या मापाने वाचावेत.)

---

मंदाकिनी

सप्तर्षी सर, भोक शोधण्याचा परिच्छेद दोनदा वाचला. पण मग ‘अतिनवतारे’ हे उत्तर आलं तरी कुठून, दिशाच कळत नसेल तर?

---

निरभ्र

मंदाकिनीताई, ते आलं हिशेबातून. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच अतिनवताऱ्यांकडे बोट दाखवलं होतं. न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पनाही त्यांनी त्याच वेळी मांडली. नेमका हिशेब पुढच्या दशकांत बसला, तो असा:

आपल्या भागात अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये वैश्विक किरणांची ऊर्जा साधारण १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ताऱ्यांच्या प्रकाशाचीही जवळपास तेवढीच. म्हणजे हा प्रकार किरकोळ नाही. आता हे कण आकाशगंगेत कायम राहत नाहीत, हळूहळू बाहेर गळतात. किती काळ राहतात हे बेरिलियम-१० वरून कळतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं, आणि त्याचा किती भाग अजून शिल्लक आहे ते मोजलं की कमी ऊर्जेच्या कणांचा मुक्काम दीडएक कोटी वर्षांचा निघतो. टाकी गळते पण पातळी टिकून आहे, म्हणजे वरून तेवढीच धार पडत असली पाहिजे. ती धार १ वर ३४ शून्यं इतक्या वॉटच्या आसपास येते.

आता पुरवठादार बघा. आकाशगंगेत शतकाला दोन-तीन अतिनवतारे होतात. प्रत्येकात बाहेर फेकलेल्या द्रव्याच्या गतीत १ वर ४४ शून्यं इतके जूल असतात. वर्षांनी भागलं की धारेच्या साधारण दहापट शक्ती मिळते. म्हणजे स्फोटाच्या गतिज ऊर्जेतला दहावा हिस्सा जरी कणांकडे वळला तरी भागतं. आकाशगंगेत एवढी ऊर्जा पुरवू शकणारं दुसरं फारसं काही नाही.

पण ‘परवडतं’ म्हणजे ‘त्यानेच दिलं’ असं होत नाही.

---

शंकेखोर

+१ शेवटच्या वाक्याला. शिवाय स्फोटातून द्रव्य उडतं ते सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने. प्रकाशाच्या वेगाचे एक-दोन टक्के. मग एकेका प्रोटॉनला लाखो जीईव्ही कोण देतं? स्फोटातला कण म्हणजे तोफेचा गोळा असं माझ्या डोक्यात होतं, ते जुळत नाही.

---

निरभ्र

शंकेखोर, तोफेचा गोळा हे चित्रच सोडून द्यायचं. मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो तो हाच भाग, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये कल्पना मांडली की चालत्या चुंबकीय ढगांवर आपटत आपटत कण ऊर्जा कमावत असावेत. समोरून येणाऱ्या ढगावर आपटला की फायदा, पळणाऱ्यावर आपटला की तोटा. समोरून आदळण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणून शेवटी फायदा. पण फार सावकाश. १९७७-७८ मध्ये क्रिम्स्की, ॲक्सफर्ड आणि सहकारी, बेल, आणि ब्लँडफर्ड-ऑस्ट्रायकर अशा चार ठिकाणी वेगवेगळ्यांना एकच गोष्ट सुचली: ढगांऐवजी आघातलाट घ्या. स्फोटाचं द्रव्य आजूबाजूच्या वायूत घुसतं तेव्हा पुढे आघातलाट धावते. लाटेच्या अलीकडे आणि पलीकडे चुंबकीय क्षेत्र गुंतवळ्यासारखं असतं, ते कणाला परत फिरवतं. कण लाट ओलांडतो, फिरतो, पुन्हा ओलांडतो. आणि कुठल्याही बाजूने ओलांडली तरी समोरचा वायू त्याला अंगावर येतानाच दिसतो. प्रत्येक फेरीत फायदाच.

आता आकडे. लाटेचा वेग सेकंदाला ५,००० किलोमीटर धरा, म्हणजे प्रकाशवेगाचा ६० वा भाग. जोरदार लाटेसाठी गणित केलं तर एका फेरीत कणाची ऊर्जा सरासरी ६० व्या भागाने वाढते, सुमारे १.७ टक्के. आणि त्याच फेरीत लाटेमागे वाहून जाऊन कायमचे सुटणारे कणही तेवढेच, ६० पैकी एक. हे दोन आकडे सारखे निघणं ही सगळ्याची किल्ली आहे.

चक्रवाढ व्याजासारखं बघा. १.७ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला साधारण ४२ फेऱ्या लागतात. त्या ४२ फेऱ्यांत निम्मे कण गळून गेलेले असतात. ऊर्जा दुप्पट, कण निम्मे. पुन्हा दुप्पट, पुन्हा निम्मे. १ जीईव्हीपासून १० लाख जीईव्हीपर्यंत जायला अशा २० दुपटी, म्हणजे आठशेच्या वर फेऱ्या, आणि तिथवर दहा लाखांत एखादाच टिकतो. लाटेचा वेग बदला, फेऱ्यांची संख्या बदलेल, पण ‘दुप्पट-निम्मे’ हा नियम तसाच राहील. म्हणून लहानमोठ्या, जुन्यानव्या सगळ्या स्फोटांतून एकाच उताराचा आलेख निघतो (कुठल्या ऊर्जेचे किती कण, त्याचा). वैश्विक किरणांचा आलेख इतक्या लांबवर इतका सरळ का, याचं उत्तर इथे आहे.

प्रत्यक्षात पृथ्वीवर मोजलेला उतार याहून थोडा तीव्र आहे, गणिती भाषेत २ ऐवजी २.७. कारण जास्त ऊर्जेचे कण आकाशगंगेतून लवकर गळतात. याचीही स्वतंत्र खूण आहे. लिथियम, बेरिलियम, बोरॉन ही मूलद्रव्यं सूर्यमालेत अत्यंत दुर्मीळ, पण वैश्विक किरणांत बोरॉन कार्बनच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतकं सापडतं. कार्बन-ऑक्सिजनची केंद्रं वाटेत आंतरतारकीय वायूवर आपटून फुटतात, त्याचे हे तुकडे. ऊर्जा वाढते तसे तुकडे कमी होतात, म्हणजे त्या कणांनी कमी वाट तुडवलेली असते.

---

पहाटवारा

‘ऊर्जा दुप्पट, कण निम्मे’ हे वहीत लिहून ठेवलं. आठवीतल्या मुलालाही समजेल.

---

मंदाकिनी

मला पुरावा हवा आहे. स्फोटाच्या अवशेषात प्रोटॉन खरोखर वेगावर चढतात हे कुणी पाहिलं?

---

सप्तर्षी

मंदाकिनीताई, प्रोटॉन दिसत नाहीत, त्यांचा प्रकाश दिसतो. आणि इथे अनेक वर्षं एक अडचण होती. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाने १००६ सालच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाच्या कडांवर असे क्ष-किरण पाहिले, जे नुसत्या तापलेल्या वायूचे असू शकत नाहीत. ते चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या, लाखभर जीईव्हीपर्यंत पोचलेल्या इलेक्ट्रॉनचे होते. मोठी गोष्ट होती. पण ते इलेक्ट्रॉन! वैश्विक किरणांत मुख्यतः प्रोटॉन. गॅमा किरण दिसले तरी तोच वाद: इलेक्ट्रॉननेही गॅमा निघतात, प्रोटॉननेही.

फरक ओळखायची एक खात्रीची जागा आहे. प्रोटॉन वायूवर आदळला की उदासीन पायॉन होतो. त्याचं वस्तुमान १३५ एमईव्ही (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग), आणि तो फुटून दोन गॅमा फोटॉन होतात, प्रत्येकी साडेसदुसष्टचे. त्यामुळे या मार्गाने आलेल्या गॅमा किरणांचा आलेख कमी ऊर्जेकडे, २०० एमईव्हीच्या खाली, एकदम ढासळतो. इलेक्ट्रॉनच्या गॅमा किरणांत असा कडा सहजी तयार होत नाही. फर्मी दुर्बिणीच्या गटाने २०१३ मध्ये हा कडा दोन अवशेषांत दाखवला: मिथुन राशीतला आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातला डब्ल्यू ४४. दोन्ही अवशेष दाट वायूच्या ढगांवर आदळत आहेत, म्हणून तिथे प्रोटॉनना आपटायला भरपूर माल आहे. अतिनवताऱ्यांचे अवशेष प्रोटॉनना वेग देतात, एवढं तरी आता नक्की.

---

शंकेखोर

मग कोडं सुटलंच की. निरभ्र ‘अर्धं’ का म्हणाले?

---

निरभ्र

कारण ‘कुठपर्यंत’ हा प्रश्न उरतो.

आलेख सरळ खाली येत येत ३० लाख जीईव्हीच्या आसपास किंचित वाकतो. कुलिकोव्ह आणि ख्रिस्तियान्सेन यांनी १९५८ मध्ये हे पाहिलं. या जागेला ‘गुडघा’ म्हणतात. तिथे प्रति चौरस मीटर वर्षाला साधारण एक कण येतो. पुढे ५०० कोटी जीईव्हीला आलेख पुन्हा थोडा सपाट होतो, तो ‘घोटा’. तिथे चौरस किलोमीटरला वर्षाकाठी एक. गुडघ्यापर्यंतचे कण आपल्या आकाशगंगेतलेच याबद्दल फारसं दुमत नाही. म्हणजे इथे कुठेतरी प्रोटॉनला ३० लाख जीईव्ही देणारी भट्टी असलीच पाहिजे.

लागाज आणि सेझार्स्की यांनी १९८३ मध्ये हिशेब केला तेव्हा साध्या आघातलाटेत प्रोटॉन लाखभर जीईव्हीच्या पुढे जाईना. लाट मंदावते, वेळ संपतो. २००४ मध्ये बेल यांनी दाखवलं की धावणारे कण स्वतःच चुंबकीय क्षेत्र वाढवतात, त्यामुळे मर्यादा वर सरकते. अवशेषांच्या कडांवरच्या क्ष-किरणांच्या रेघा फार बारीक आहेत, त्यावरून क्षेत्र खरोखर वाढलेलं दिसतंही. पण प्रत्यक्ष निरीक्षणं हात आखडता घेतात. कॅसिओपिया ए हा जेमतेम साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, तरणाबांड अवशेष. मॅजिक दुर्बिणींनी २०१७ मध्ये दाखवलं की त्याचे गॅमा किरण ३,५०० जीईव्हीच्या आसपासच आटू लागतात. गॅमा फोटॉनची ऊर्जा मूळ प्रोटॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणजे तिथले प्रोटॉन दहा हजारांच्या घरात. गुडघ्याला जवळपास शंभर पटींनी कमी.

---

ओंजळ

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. समस्थानिकांवरून काही कळतं का? भट्टीची राख बघून भट्टी ओळखता यायला हवी.

---

सप्तर्षी

ओंजळ, लिहीत राहा, कारण या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न तुझा आहे.

निकेल-५९ घे. तो अतिनवताऱ्यात तयार होतो आणि आपल्याच कवचातला इलेक्ट्रॉन गिळून कोबाल्ट-५९ होतो. अर्धायुष्य ७६ हजार वर्षं. आता गंमत बघ. केंद्राला प्रचंड वेग मिळाला की त्याचे सगळे इलेक्ट्रॉन झडतात. गिळायला इलेक्ट्रॉनच नाही, म्हणजे ऱ्हास थांबला. स्फोटाने आपलंच ताजं द्रव्य लगेच वेगावर चढवलं असतं तर वैश्विक किरणांत निकेल-५९ भरपूर सापडायला हवा. नासाच्या एसीई यानाने मोजलं तेव्हा तो जवळपास संपलेला होता, सगळा कोबाल्ट झालेला. म्हणजे द्रव्य तयार होणं आणि वेगावर चढणं यांत किमान लाखभर वर्षं गेली आहेत. स्फोट आपली राख उडवत नाही. तो आजूबाजूला आधीपासून पडलेली जुनी राख उडवतो.

दुसरी बाजू लोखंड-६० ची. अर्धायुष्य २६ लाख वर्षं. त्याच यानाने सतरा वर्षांच्या नोंदींतून लोखंड-६० ची १५ केंद्रं शोधली, निकाल २०१६ मध्ये आला. ते शिल्लक आहे म्हणजे फार जुनं नाही आणि फार लांबूनही आलेलं नाही. दोन्ही मिळून खिडकी तयार होते: लाखाहून जास्त, पण काही दशलक्ष वर्षांच्या आत.

तिसरी खूण निऑनची. निऑन-२२ चं निऑन-२० शी प्रमाण वैश्विक किरणांत सूर्यमालेच्या पाचपट आहे. एवढं निऑन-२२ वुल्फ-राये जातीच्या अवजड ताऱ्यांच्या वाऱ्यातून येतं. असे तारे घोळक्याने जन्मतात, घोळक्यातच एकामागून एक फुटतात. पहिल्यांची राख, दुसऱ्यांचे वारे आणि तिसऱ्यांची आघातलाट, सगळं एकाच बुडबुड्यात.

---

ओंजळ

इलेक्ट्रॉन नाहीत म्हणून ऱ्हास थांबतो! इलेक्ट्रॉन-ग्रहण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, त्याचा असा घड्याळासारखा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. म्हणजे एकटा अतिनवतारा नव्हे, ताऱ्यांची अख्खी वस्ती?

---

निरभ्र

माझाही कल तिकडेच झुकत चालला आहे. चीनमध्ये ४,४०० मीटर उंचीवर असलेल्या ल्हासो वेधशाळेने २०२१ मध्ये लाखभर जीईव्हीच्या वरचे गॅमा किरण देणारे १२ स्रोत जाहीर केले. त्यातला सर्वांत जोरदार फोटॉन १४ लाख जीईव्हीचा होता आणि तो हंस तारकासमूहातल्या ताऱ्यांच्या वस्तीकडून आलेला. पुढे २०२४ मध्ये त्याच जागी त्यांना गॅमा किरणांचा प्रचंड बुडबुडा दिसला. तिथे प्रोटॉन गुडघ्याच्याही पुढे जात असावेत असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण बारापैकी सगळेच प्रोटॉनचे स्रोत धरू नयेत. खेकडा तेजोमेघही त्यांत आहे, आणि तिथे मुख्यतः पल्सारने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याने, पिटाळलेले इलेक्ट्रॉन आहेत. आकाशगंगेच्या केंद्राकडेही संशयाची सुई आहे. हेस दुर्बिणींच्या गटाने २०१६ मध्ये तिथल्या गॅमा किरणांवरून दहा लाख जीईव्हीचे प्रोटॉन असल्याचं मांडलं.

आलेखही समजतो तितका गुळगुळीत नाही. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगाला प्रोटॉनच्या आलेखात १ लाख ६६ हजार जीईव्हीच्या आसपास उतार सौम्य झालेला दिसला, तो निबंध २०२४ चा. एकाच जातीच्या भट्ट्या असत्या तर मध्येच अशी उंचवट्याची जागा का यावी?

---

शंकेखोर

आणि सर्वांत जोरदार कण? २०२१ च्या त्या ‘अमातेरासू’ कणाबद्दल वाचलं होतं, की तो आला त्या दिशेला दीर्घिकाच नाहीत. म्हणजे भौतिकशास्त्रच नवं लागणार का?

---

सप्तर्षी

जरा दमाने. १५ ऑक्टोबर १९९१ ला युटाच्या फ्लाय्ज आय प्रयोगाने ३२ हजार कोटी जीईव्हीचा कण नोंदवला. जूलमध्ये ५१. एक किलोचं वजन पाच मीटरवरून पडावं तेवढी ऊर्जा एकाच केंद्रात. अमातेरासू २७ मे २०२१ चा, २४ हजार कोटींच्या आसपास. असे कण चौरस किलोमीटरला शतकातून एखादे, म्हणून आर्जेन्टिनातली पिएर ओझे वेधशाळा ३,००० चौरस किलोमीटरवर पसरली आहे. दीड-दीड किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी.

हे कण आकाशगंगेबाहेरचे, याला २०१७ मध्ये पक्का आधार मिळाला. ८०० कोटी जीईव्हीच्या वरचे ३० हजारांहून जास्त कण तपासल्यावर आकाशाची एक बाजू ६.५ टक्क्यांनी जड निघाली, आणि ती बाजू आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर. आपल्याच आकाशगंगेतले असते तर कल असा उलटीकडे नसता.

पण ते फार लांबूनही येऊ शकत नाहीत. ग्रायसेन, झात्सेपिन आणि कुझ्मिन यांनी १९६६ मध्येच दाखवलं की ५,००० कोटी जीईव्हीच्या वरचा प्रोटॉन विश्वभर भरलेल्या सूक्ष्मतरंगी प्रारणावर आपटत ऊर्जा गमावतो. दहा-वीस कोटी प्रकाशवर्षांचा परिसर, तेवढाच मोकळा.

अमातेरासूबद्दल माझं मत: ओझे वेधशाळेच्या मोजण्यांत ऊर्जा वाढते तसे कण अधिक जड केंद्रांचे होत जातात. जड केंद्रावर भार जास्त, म्हणून वळणही जास्त. तो कण लोखंडासारखा असेल तर मागे काढलेली दिशा कितीतरी अंशांनी चुकू शकते, आणि ‘रिकामी जागा’ हा निष्कर्ष ढिला पडतो. एका कणावर नवं भौतिकशास्त्र उभारायची घाई मी करणार नाही.

---

मंदाकिनी

मग या कणांच्या भट्ट्या कुठल्या असतील?

---

सप्तर्षी

मायकेल हिलास यांनी १९८४ मध्ये साधी चाळणी दिली. कण जिथे वेगावर चढतो तिथेच तो अडकून राहिला पाहिजे, म्हणून जागेचा आकार गुणिले चुंबकीय क्षेत्र पुरेसं मोठं हवं. चाळणीत टिकणारे मोजकेच: कृष्णविवरांचे फवारे असलेल्या सक्रिय दीर्घिका, त्यांचे रेडिओ-पिसारे, गॅमा स्फोट, झपाट्याने तारे जन्मवणाऱ्या दीर्घिका. यांतला कुठलाच अजून सिद्ध झालेला नाही.

---

निरभ्र

इथे मला न्यूट्रिनो या भार नसलेल्या, सहसा कशालाच न अडणाऱ्या कणांवर भरवसा वाटतो. प्रोटॉन जिथे आपटतात तिथे भारित पायॉनही होतात, आणि त्यांतून न्यूट्रिनो. भार नाही, म्हणून वळण नाही. २२ सप्टेंबर २०१७ ला दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब वेधशाळेने पकडलेला २ लाख ९० हजार जीईव्हीचा न्यूट्रिनो मृग नक्षत्राच्या बाजूच्या एका ब्लाझारच्या (कृष्णविवराचा फवारा आपल्या रोखाने असलेल्या सक्रिय दीर्घिकेच्या) दिशेने आला होता, आणि तो ब्लाझार त्याच सुमारास गॅमा किरणांत भडकलेला होता. २०२२ मध्ये ४.७ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून न्यूट्रिनोंचं स्पष्ट आधिक्य दिसलं. तिथून तशा जोराचे गॅमा किरण मात्र येत नाहीत, म्हणजे ते कृष्णविवराजवळच्या दाटीत गिळले जात असावेत. प्रकाशाने लपवलेली भट्टी न्यूट्रिनोंनी दाखवली. २०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातूनही न्यूट्रिनो दिसले. गुडघ्याची भट्टीही याच वाटेने सापडेल असं मला मनापासून वाटतं.

---

पहाटवारा

निरभ्र, रविवारी पेटी करणार आहे. काही सांभाळायचं का? आणि यांतलं काही आकाशात साध्या डोळ्यांनी दाखवता येईल का? मुलगा विचारतोय.

---

निरभ्र

ड्राय आइसला जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका, खोलीची खिडकी उघडी ठेवा, आणि अल्कोहोल ज्वलनशील आहे, जवळपास ज्योत नको. पत्रा अगदी सपाट ठेवा, आणि झाकणाच्या कडा टेपने बंद करा. वाऱ्याची झुळूक आत गेली तर धुकं बसत नाही. रेघा दिसेनात तर टॉर्च आणखी खाली, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरा. माझं तिथेच अडलं होतं.

आकाशात दाखवायचं तर हंस तारकासमूह शोधा. आकाशगंगेच्या पट्ट्यातच, मान ताणून उडणाऱ्या पक्ष्यासारखा. त्याच्या पंखांच्या सांध्यावर मधला तारा आहे. हात लांब करून मूठ त्या ताऱ्यावर धरा. ल्हासोला दिसलेला बुडबुडा मुठीपेक्षाही थोडा मोठा आहे. मुठीमागे, सुमारे ५ हजार प्रकाशवर्षांवर, अवजड ताऱ्यांची ती वस्ती आहे. धुळीमुळे तिथलं फारसं काही डोळ्यांना दिसत नाही, पण दहा लाख जीईव्हीच्या पुढचे फोटॉन तिथूनच आलेत असं मुलाला सांगा.